जेवणघरातला अध्याय

आमच्या गावात मुलीची शाळा सातवीला संपायची. मुलगे पुढं सायकलवर टांग मारून कन्नडला जायचे आणि मुलींच्या पुढच्या शिक्षणाची काळजी त्यांच्या आत्या घ्यायच्या. माझ्या आत्यानं तर माझा निकाल लागायच्या आधीच पैठणकडचं एक स्थळ काढून ठेवलं होतं. "बागाईत हाय, पोरगा एकुलता हाय, आन् सासू नाय," असं ती एकेक बोट मिटत सांगायची, आणि तिसऱ्या बोटाला तिचा आवाज असा चढायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, सासू नसणं हीच त्या घरची खरी इस्टेट आहे. मला तेव्हा तेरावं लागलं होतं. माझं मत कुणी विचारलं नाही आणि मला मत असू शकतं हे मलाही ठाऊक नव्हतं. मत होतं ते आईला. कन्नडच्या दवाखान्यात एक नर्सबाई होत्या, औरंगाबादला ख्रिस्ती सिस्टरांच्या शाळेत शिकलेल्या, तिथल्याच बोर्डिंगात वाढलेल्या. त्यांनी आईला इंजेक्शन देता देता त्या शाळेबद्दल सांगितलं. औषध आईच्या अंगाला लागलं की नाही ठाऊक नाही, शाळा मात्र लागली.

आई भांडणारी बाई नव्हती. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ती एकदाच म्हणाली, "मथीला शिकू द्या." अण्णा म्हणाले, "बघू." आमच्याकडं 'बघू' म्हणजे नाही. दुसऱ्या दिवसापासून अण्णांच्या ताटातली भाजी अळणी होऊ लागली. आमच्या ताटात बरोबर, आत्याच्या ताटात बरोबर, फक्त अण्णांच्या ताटात अळणी. एकाच पातेल्यातून वाढलेली भाजी दोन चवींची कशी व्हायची, हे मला लग्न होऊन चाळीस वर्षं स्वयंपाक केल्यावरही उमगलेलं नाही. अण्णांनी मीठ मागितलं की ती मुकाट्यानं द्यायची, पण मागावं लागायचं. पंधरा दिवस हे चाललं. शेवटी एका सकाळी अण्णांनी ताट पुढं सारलं आणि म्हणाले, "बरं बाई, नेतो औरंगाबादला. घेतली तर घेतली. नाय घेतली तर पैठण. मंग पुन्हा तोंड उघडायचं नाय." आईनं त्या दिवशी तोंड उघडलंच नव्हतं, पण ती वाटी भरून तूप घेऊन आली.

इथं मला पोथीचं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळं घडलं. श्रावणात आमच्या ओसरीवर रोज दुपारी पोथी असायची. गल्लीतल्या दहाबारा बायका यायच्या, एकीलाही अक्षर येत नव्हतं, म्हणून मी तिसरीत असल्यापासून वाचणारी मीच आणि अर्थ सांगणारीही मीच. एवढ्या मोठ्या बायका माझ्या तोंडाकडं बघत बसायच्या आणि मी पाय हलवत त्यांना पापपुण्य समजावून सांगायचे. नियम एकच होता आणि तो आईचा होता. सुरू केलेला अध्याय अर्ध्यात टाकायचा नाही. वाचणारीनं थांबायचं नाही, ऐकणारीनं उठायचं नाही. अध्याय अर्धा राहिला की घरातलं एखादं काम वर्षभर अर्धं राहतं, असं आई सांगायची, आणि शेजारच्या सरूकाकूच्या पडवीचं अर्धवट छप्पर पुरावा म्हणून दाखवायची. एकदा वाचन चालू असताना वासरू सुटलं आणि अंगणातली भिजवलेली डाळ खाऊ लागलं. सगळ्या बायका बघत होत्या, एकीनं जागा सोडली नाही. मी फक्त वाचायचा वेग वाढवला. अध्याय संपला की आई घंटा वाजवायची, आरती व्हायची आणि मला एक केळ मिळायचं. वासराच्या दिवशीही मिळालं.

तर जूनमधल्या एका सकाळी अण्णा आणि मी एसटीनं औरंगाबादला उतरलो. शहराचं नाव आता वेगळं आहे, पण माझ्या दाखल्यावर जुनंच आहे आणि तो दाखला मी कधीच दुरुस्त करून घेतला नाही. अण्णांच्या खांद्यावर माझी पत्र्याची पेटी, माझ्या हातात दशम्यांचं आणि शेंगदाण्याच्या चटणीचं गाठोडं. शाळेच्या फाटकातून आत शिरलो आणि अण्णांनी पायातल्या वहाणा काढल्या. देवळात आल्यावर काढाव्यात तशा. चौकीदार म्हणाला, "घाला, घाला, इथं चालतं." अण्णांनी घातल्या, पण ऑफिसच्या दारात पुन्हा काढल्या.

ऑफिसात शाळा चालवणाऱ्या मदर होत्या. त्या दक्षिणेकडच्या, मराठी मोजकं बोलायच्या, पण बोललेला शब्द मागं घ्यायच्या नाहीत. त्यांनी माझे गुण पाहिले, माझी नखं पाहिली आणि म्हणाल्या, "खाट एक आहे. मुली दोन आहेत. दुसरी जालन्याची, उद्या येणार. अभ्यास आम्ही शिकवू. पण इथे साठ मुली राहतात, घर नियमावर चालतं. मला नियम पाळणारी मुलगी पाहिजे. आज दिवसभर हिला बघते."

"आमची सहाची गाडी हाय," अण्णा म्हणाले.

"मग पाच वाजता सांगते."

अण्णांनी पेटी उचलून बाहेर कडुनिंबाखाली नेऊन ठेवली आणि तिच्यावरच बसले. दुपारी नव्या सत्राचा कार्यक्रम होता, चर्चचे फादर येणार होते आणि पालकांनाही थांबायला सांगितलं होतं. ती पेटी उघडायची की तशीच परत न्यायची हे पाचला ठरणार होतं. अण्णांच्या चेहऱ्यावरून मला वाटलं, त्यांनी मनानं ती कधीच एसटीच्या टपावर चढवली आहे. मला मात्र त्या घटकाभरात शाळा आवडून बसली होती. लांब व्हरांडा, पुसून चकचकीत केलेली फरशी, आणि एका वर्गात फळ्याशेजारी पृथ्वीचा गोल. मी कुणी बघत नाही असं पाहून तो फिरवला. पैठणच्या त्या बागाइतात असा गोल नसणार, एवढं मला नक्की कळलं.

मला नियम समजावून द्यायला एक दहावीतली मुलगी दिली, यशोधरा. चितेगावची, तरतरीत, बोलायला तिखट. ती मला गरागरा सगळीकडं फिरवत म्हणाली, "हे बघ मथे, इथं घंटेवर उठायचं, घंटेवर जेवायचं, घंटेवर झोपायचं. आन् जेवणघरात तोंड बंद. एक शब्द बोलायचा नाय. सिस्टरपण बोलत नाय, मदरपण नाय."

"मंग जेवताना करायचं काय?"

"ऐकायचं. एक जण उभं राहून वाचती, संतांच्या गोष्टी. वाचणारी पुस्तक मिटून 'देवाला धन्यवाद' म्हणली की मंग बोलायचं आन् उठायचं. तवर नाय." मग ती माझ्याकडं बघून हसली. "आज तूच वाचणार हायेस. सत्राच्या पहिल्या दिवशी सगळ्यात नवीन पोरीनं वाचायचं, असा रिवाज हाय."

माझा जीव भांड्यात पडला. आतापर्यंत मला काही येत असेल असं एकही काम त्या शाळेत दिसलं नव्हतं. काट्याचमच्याला मी घाबरले होते, तो निघालाच नाही, पण वाचणं? त्यात माझा हात धरणारी गल्लीत कुणी नव्हती.

जेवणघर म्हणजे लांबलचक खोली, दोन रांगा बाकं, समोर मदर आणि सिस्टरांचं टेबल. त्या एरवी वेगळ्या जेवायच्या, सत्राच्या पहिल्या दिवशी मुलींबरोबर. स्वयंपाकघरातून तुरीच्या वरणाचा आणि डांगराच्या भाजीचा वास येत होता, आणि पहिला दिवस म्हणून शिरा होता. भिंतीशी एक उंच लाकडी घोडी, तिच्यावर जाड पुठ्ठ्याचं, कडा झिजलेलं पुस्तक. बोर्डिंग सांभाळणाऱ्या सिस्टर लुसींनी मला घोडीपाशी उभं केलं, पान उघडून दिलं आणि हळूच म्हणाल्या, "इथून वाच. घंटा वाजली की थांबायचं." मी मान डोलावली. मला वाटलं, बरोबरच आहे. अध्याय संपला की घंटा वाजतेच. जेवणाच्या वेळेत मावेल असाच अध्याय यांनी नेमून दिला असणार.

तो अध्याय वीस पानांचा होता. ते पुस्तक वर्षभर रोज दोन-तीन पानं असं चाटत खायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी पुस्तकाला हात लावून कपाळाला लावला आणि पोथीच्या चालीवर सुरुवात केली. साठ घास साठ हातांत थांबले. मग सावकाश पुन्हा चालू झाले. गोष्ट एका धनगराच्या मुलीची होती. त्या संतिणीचं नाव मला आता आठवत नाही, आठवलं तर मी तिला नारळ वाढवीन. सावत्र आई तिला छळते, बाप भित्रा, पोरगी रानातून पळून एका मठाच्या दाराशी येते. पानाच्या शेवटी मला सवयीनं थांबून अर्थ सांगावासा वाटला, आणि मी सांगितला. "म्हंजी काय, तर ती सावत्र माय लई खट होती. पोरीला शिळं वाढायची, आन् बापाला म्हणायची, पोरगीच खात नाय." लहान मुलींच्या बाकावर एकीला ठसका लागला. मदरांनी हातातला घास खाली ठेवला. माझ्या लेखी हे सगळं शुभलक्षण होतं. आमच्या ओसरीवरही बायका इथंच हळहळायच्या.

सगळ्यांची ताटं संपली आणि सिस्टर लुसींनी घंटा वाजवली. मी वर पाहिलं. पोरगी अजून मठाच्या दाराबाहेर उभी होती, दार उघडलंसुद्धा नव्हतं. अशा वेळी घंटा वाजणं शक्यच नाही, कुणाचा तरी धक्का लागला असणार. मी पुढं वाचू लागले. थोड्या वेळानं घंटा पुन्हा वाजली, जरा लांब. आता मात्र मला शंका आली. सिस्टर लुसी माझ्याकडं बघून दोन्ही हात मिटत होत्या, पुस्तक मिट अशा अर्थी, हे मला आज कळतं; तेव्हा वाटलं, हात जोडतायत. यशोधरा भुवया उडवत होती. मी समजून चुकले की थांबायला सांगतायत. आणि तरीही थांबले नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहून ठेवते. शाळेचा पहिला दिवस, पेटी झाडाखाली, पाचला निकाल, आणि अशा दिवशी अध्याय अर्ध्यात टाकायचा? कुठलं काम वर्षभर अर्धं राहील हे सांगायला ज्योतिषी नको होता. आईचा धाक घंटेपेक्षा मोठा होता. मी फक्त वाचायचा वेग वाढवला.

खरी मौज अशी की मला थांबवणं कुणाच्याच हातात नव्हतं. वाचणारीनं स्वतःच्या हातानं पुस्तक मिटल्याशिवाय कुणी बोलायचं नाही, उठायचं नाही. मदरांनीच बसवलेला नियम आणि मदर तो मोडणं शक्य नव्हतं. त्या ताठ बसून होत्या, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. सिस्टर लुसी उभ्या होत्या म्हणून त्यांना निदान घंटा वाजवता येत होती, ती त्यांनी तिसऱ्यांदा वाजवली. बाहेर कडुनिंबाखाली पालक खिडक्यांकडं तोंड करून ऐकत बसले होते. त्यांच्यात अण्णाही, पेटीवर. पोरीचा बाप तिला मठातून घरी न्यायला निघाला, तेवढ्यात फादरांची गाडी आली आणि चौकीदारानं पालकांना हॉलकडं पिटाळलं. हॉलमध्ये फादर एकटे व्यासपीठावर, समोर पालक, आणि मुली नाहीत, सिस्टर नाहीत, मदर नाहीत.

इकडं स्वयंपाकघरातून रूथबाई बाहेर आल्या. त्या स्वयंपाक करायच्या, पैठण रस्त्यावरच्या गावच्या, वाचता न येणाऱ्या. इतकी वर्षं त्यांनी त्या खोलीतलं वाचन भांड्यांच्या आवाजात ऐकलं होतं. आज त्या पिठाच्या हातांनी दारातच फतकल मारून बसल्या. शेवटच्या पानावर पोरगी तापानं फणफणली, बाप अजून वाटेतच होता. "म्हंजी बघा," मी सांगितलं, "बाप निघाला खरा, पर उशिरा निघाला." रूथबाईंनी पदर डोळ्यांना लावला. पोरीनं डोळे मिटले आणि मठातल्या सगळ्या घंटा आपोआप वाजू लागल्या, असं पुस्तकात होतं. मी हे वाक्य वाचलं, आणि नेमक्या त्याच क्षणी सिस्टर लुसींनी चौथ्यांदा घंटा वाजवली. साठ मुलींनी एकदम श्वास घेतला. लहानग्यांनी छातीवर क्रूस काढला, आणि यशोधरा, जिच्या घरात ना पोथी ना क्रूस, तीही हात जोडून बसली. मी पुस्तक मिटलं. "देवाला धन्यवाद." कुणी उठलंच नाही. मग रूथबाई उठल्या, आत गेल्या आणि एक केळ आणून त्यांनी माझ्या हातात ठेवलं. त्यांना कुणी सांगितलं होतं, देव जाणे.

"मथे," जिन्यात यशोधरा म्हणाली, "वाचलंस झकास. पर तू गेलीस."

पाचला ऑफिसात बोलावलं. अण्णा पेटी घेऊनच आत आले. मदरांनी विचारलं, "घंटा ऐकू आली?"

"आली."

"थांबायचं, हे सांगितलं होतं?"

"व्हय."

"मग?"

"अध्याय व्हायचा होता," मी म्हटलं, आणि आईचा नियम, सरूकाकूचं छप्पर, वासरू, डाळ, सगळं एका दमात सांगून टाकलं आणि रडायला लागले. मदरांनी मला रुमाल दिला. मग अण्णांना म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे. वाईट नाही. पण फादर पाऊण तास बसून होते. जिला घंटेवर थांबता येत नाही, तिला मी साठ मुलींत कशी ठेवू? तुम्ही हिला घेऊन जा."

अण्णांना हवं होतं ते मिळालं. पेटी आधीच हातात, सहाच्या गाडीला अवकाश. त्यांनी पेटी उचलली. दारापर्यंत गेले. मग पेटी खाली ठेवून परत आले.

"मदरबाई, तुम्ही सकाळी म्हणला व्हता, नियम पाळणारी पोरगी पाहिजे."

"हो."

"तुमच्या साठ पोरी बसून ऱ्हायल्या, एक उठली नाय. तुम्ही सवता उठला नाय. का, तर तुमचा नियम. बरोबर?"

"बरोबर."

"मंग हिनं हिच्या मायचा नियम पाळला. चार घंटा झाल्या, समोर एवढ्या मोठ्या बाया, तरी पाळला. आता ही पाळणारी हाय का मोडणारी, तुम्हीच सांगा." अण्णांना मी एवढं सलग बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, बैलबाजारातसुद्धा नाही. "चुकीचा नियम पाळला असंल. तुमचा शिकवा की. पंधरा दिस द्या. तेवढ्यात भल्याभल्यांना वळण लागतंय."

 मदरांचे कान पुन्हा लाल होऊ लागले, पण तोंड वेगळंच काही करत होतं, आणि ते लपवायला त्यांनी खण उघडून कागद शोधल्यासारखं केलं. "जालन्याच्या मुलीसाठी व्हरांड्यात खाट लावता येईल," त्या खणात बघत म्हणाल्या. "आणि हिला शिक्षा. वर्षभर वाचायचं नाही. वर्षभर जेवणघराची घंटा हीच वाजवेल. घड्याळ बघून." ती घंटा मी वर्षभर वाजवली. पुढं शिक्षिका झाले आणि घंटा झाली तरी धडा संपेपर्यंत वर्ग सोडत नाही अशी माझी ख्याती झाली, तेव्हा मदरांचा उपाय फारसा लागू पडला नाही असंच म्हणायचं. माझी नात त्याच शाळेत जाते. आता तिथं जेवताना कुणी वाचत नाही, मुली डबे उघडून एकमेकींच्या भाज्यांवर हात मारतात आणि एवढा कलकलाट करतात की घंटा ऐकूच येत नाही म्हणे.

अण्णांना सोडायला मी फाटकापर्यंत गेले. पेटी वर खाटेखाली गेली होती आणि त्यांना हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. त्यांनी चटणी जपून खा म्हणून सांगितलं, आईला काय सांगू म्हणून विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता दोन पावलं गेले. मग थांबले.

"मथे. ते वाचत व्हतीस ना तू. आमाला चौकीदारानं मधीच उठवलं. तो बाप पोरीला न्यायला निघाला व्हता, तिथवर ऐकलं म्या." त्यांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. "मंग? नेलं का त्यानं तिला घरी?"

"नाय," मी म्हटलं. "तो गेला तिथवर. तर ती म्हणली, अण्णा, मी हितं बरी हाय. मंग तो माघारी गेला."

"रडला का?"

"थोडा."

"रडंलच की," अण्णा म्हणाले, आणि उपरण्यानं तोंड पुसत सहाच्या गाडीकडं निघाले.